हातातली शीर पायात

बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. शनिवार पेठेतल्या घरातून वाचनालयात जाताना ते मध्येच थांबत आणि दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत. पोटरी दुखते हे मान्य करायला तयार नव्हते.

तपासणीत मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत धमनी बंद निघाली. बायपासशिवाय पाय वाचणं अवघड होतं.

सर्जन म्हणाले, "कृत्रिम नळी घालता येते. पण गुडघ्याखाली ती लवकर तुंबते, आणि जखम असताना संसर्गाचीही भीती. स्वतःची शीर मिळाली तर उत्तम."

पण बाबांच्या डाव्या पायातली शीर पूर्वीच हृदयाच्या बायपाससाठी वापरली होती, आणि उजवीकडची फारच बारीक होती.

आई म्हणाली, "डॉक्टर, माझी घ्या. माझे पाय ठणठणीत आहेत."

सर्जन हसले नाहीत. "दुसऱ्याची शीर शरीर सहसा टिकू देत नाही, काकू."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "नाहीतर पायसुद्धा तुझंच ऐकायला लागला असता."

मला हसू आलं. आईला नाही. तिने खरंच मनापासून विचारलं होतं.

शेवटी सोनोग्राफीत बाबांच्याच डाव्या हातात एक चांगली शीर सापडली. त्या हाताला सुई लावू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी नर्स रक्त घ्यायला आल्या तेव्हा बाबांनी हात मागे घेतला. "हा राखीव आहे. दुसऱ्यावर बघा."

ऑपरेशन लांबलं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "शीर थोडी कमी पडली. वरचा टप्पा कृत्रिम नळीचा केला, गुडघ्याखाली हातातलीच शीर आहे."

आत सोडल्यावर आईने आधी बाबांच्या पावलाला हात लावला. कित्येक महिने गार असलेलं पाऊल गरम होतं. तिने हात बराच वेळ तिथेच ठेवला.

अंगठ्याचं टोक वाचलं नाही, पण जखम भरली आणि बाबा चालू लागले. पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी घोट्यापाशी छोटं यंत्र टेकवलं आणि रक्त धावल्याचा सूं-सूं आवाज खोलीभर ऐकू आला.

"पुन्हा एकदा ऐकवता का?" आईने विचारलं.