लेकीला तांदूळ, घरात कणी

लोकांनी काय खावं आणि काय खाऊ नये हे सांगण्याचा मला पगार मिळतो. वसईतल्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. डायलिसिसवरची माणसं माझ्या वाट्याला येतात आणि त्यांच्याशी मी फारसं गोड बोलत नाही. गोड बोलून कुणाच्या रक्तातला फॉस्फरस उतरलेला मी अजून तरी पाहिला नाही.

फॉस्फरस हाडांना लागतोच. पण जास्त झालेला धडधाकट मूत्रपिंडं बाहेर टाकतात, बिघडलेली टाकू शकत नाहीत. मग तो रक्तात साठतो, अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. परदेशातून आलेल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं की दूध, चीज, मांस कमी करा. त्यांच्या ताटात ते असतं, म्हणून. आपल्या देशाचं पोट भात, पोळी, भाकरीवर भरतं, तेव्हा आपला फॉस्फरसही बराचसा धान्यातूनच येतो. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि कुणालाही ते पटत नाही. घरातल्या माणसावर चोरीचा आळ कोण घेणार?

एवढं सगळं पाठ असूनही डायलिसिसवर असलेल्या माझ्याच बापाचा फॉस्फरस काही केल्या उतरत नव्हता.

आमचं घर नायगावला, खाडीच्या अंगाला. टॉवर आता बांधापर्यंत आलेत, तरी थोडी भातशेती टिकून आहे. बाबाने दूध सोडलं, सुकी मासळी सोडली, पाकिटातलं तर तो कधी खातच नव्हता. फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या जेवताना न चुकता घ्यायचा. तरी रिपोर्ट तसाच. शेवटी आमच्याच दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीतही उतरला नाही तर त्यापायी फुगलेल्या गळ्यातल्या ग्रंथींचं ऑपरेशन करावं लागेल. बाबाने गळ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोंबडीसारखा?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. बाबाचं हृदय आधीच थकलेलं होतं. टेबलावर घेतलेला माझा बाप परत उठेल का, ही भीती मला होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

त्या रविवारी मी विरारच्या माझ्या घरून सकाळीच माहेरी गेले आणि स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. आय भाकऱ्या थापत होती. आमची तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र असते, माझ्या घरची तर असतेच. ही मातकट होती.

"हा पीठ कसला?" मी विचारलं.

"कनीचा. कोंडा घातलाय त्यान." आयने तव्यावरची भाकरी उलटली. "टाकून काय द्यावाचा? ताकद असते त्याला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडची रीतच अशी आहे. गिरणीतून तांदूळ आला की आय तो चाळते, पाखडते. अख्खा, शुभ्र दाणा वेगळा निघतो. तो लेकीकडे जातो, आत्यांकडे जातो, आल्यागेल्या पाहुण्यांना शिजतो. तुटकी कणी आणि तांदळावरून निघालेला बारीक कोंडा घरात राहतो. कोंड्याचा मांडा करण्यात आयचा हात धरणारं गावात कुणी नाही. आणि तांदळातला फॉस्फरस सगळ्यात जास्त असतो तो नेमका त्या कोंड्यात. सगळाच अंगी लागत नाही, हे खरं. पण न्याहारीला भाकरी, दुपारी भाकरी, संध्याकाळी पुन्हा भाकरी. मी विचारलं की बाबा सांगायचा, "तांदळाची भाकर खातो," आणि मी पांढऱ्या पिठाचा हिशोब धरायचे.

माझ्या बिल्डिंगमधल्या बायका हाच कोंडा तब्येतीसाठी शोधत फिरतात. त्यांना तो चांगलाच आहे. मलाही चांगला. बाबाला तेवढा नको.

डॉक्टरांना फोनवर विचारलं. बाबाला साखरेचा त्रास नाही, तेव्हा ते म्हणाले, जरूर बदला. उपाय सोपा होता. चांगला तांदूळ बाबाने खायचा, कणीचं पीठ मी न्यायचं.

बाबाने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. "लेकीला कनी देऊ? लोक थुंकतील तोंडावर."

"लोकांना मी सांगते काय सांगायचं ते."

"तू दवाखान्यान सांग. हय माझा घर हाय."

मला राग आला. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, त्यामुळे भांडणही तोंडभरून करता येतं. मी केलं. तो उठून पडवीत जाऊन बसला. त्याचा हट्ट माझ्यात उतरला आहे असं नवरा म्हणतो, ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरचं तांदळाचं पोतं गाडीत घालून मी पुन्हा नायगावला गेले. बाबा दारातच आडवा आला. दिलेलं परत घेत नाहीत, लेकीला दिलेलं तर नाहीच नाही.

"परत कोण देतंय?" मी म्हणाले. "तांदूळ माझा आहे. मी तो इथे शिजवणार आणि तुला जेवायला बोलावणार. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून आलास तर कणी खाशील का?"

तो दारातून बाजूला झाला. रिवाजाला रिवाजच लागू पडतो. माझं शास्त्र तिथे काही कामाचं नव्हतं. मी जास्त पाण्यात भात शिजवला, पेज ओतून टाकली आणि पहिलं ताट त्याला वाढलं. स्वतःच्याच घरात तो अवघडून जेवला, अंग चोरून. कणीच्या पिठाचा डबा मी जाताना उचलला तेव्हा त्याने मान फिरवली. भाकरीसाठी पांढरं पीठही मी माझ्याच तांदळाचं दळून आणून दिलं.

पुढच्या तपासणीत फॉस्फरस उतरला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं आता नाव काढायला नको, असंच चालू ठेवा. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. माझ्या पेशंटांनी ते पाहिलं, त्यांना बरंच वाटलं असेल.

संध्याकाळी नायगावला मीच वाढायला बसले. बाबा खुशीत होता. भात कालवता कालवता म्हणाला, "पावन्याला दोन दिस ठेवतात. तू मना किती दिस ठेवनार गं?"

अजून किती दिवस, हे दवाखान्यात रोज कुणी ना कुणी विचारतं. शब्द वेगळे असतात, आणि माझं उत्तर तयार असतं. ते बापाला देण्यासारखं नव्हतं. आयचा हात भाकरीवर थांबला होता.

"तांदूळ संपेपर्यंत," मी म्हणाले.

त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं, अंदाज घेतला. "कमी हाय," म्हणाला. मग ताट पुढे केलं आणि मी त्याला आणखी भात वाढला.