काळा स्वेटर

थंडी पडली की मी ट्रंक उघडतो. डांबरगोळ्यांचा वास येतो आणि खाटेवर विणत बसलेली बायको दिसते.

वीस-बावीस वर्षं झाली. तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरनं हात टेकलेले. माझा आवडता पांढरा स्वेटर कोपरात फाटलेला. तो मांडीवर घेऊन, टाके बघत, ती तसाच दुसरा विणत होती, पण काळ्या लोकरीचा.

मी म्हणलं, "काळा कशाला गं? पांढराच बरा हुता की."

"गुऱ्हाळावर बसून मळवणार तुम्ही. मी हाय तवर धुतीय. फुडं काय सून धुणार व्हय? काळ्यावर मळ दिसत न्हाय."

सुनेला टोमणा मारते म्हणून मी हसलो. तिनं मान वर केली नाही.

आता गळपट्टी तेलकट झालीय, बाह्या कडक झाल्यात. मळ मात्र दिसत नाही.