ओपलच्या थेंबातली जाळी

माझी थोरली बहीण ओपल नवऱ्यापेक्षा थेंबावर जास्त विश्वास ठेवायची. केंटकीतल्या आमच्या गावात सगळ्यांचंच पोट बर्बन व्हिस्कीवर. ओपल डिस्टिलरीच्या तपासणीखोलीत कामाला होती, आणि तिथला मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक तिने घरी आणला होता. बर्बनमध्ये पाणी घालायचं, थेंब काचेवर वाळू द्यायचा, की मागे नाजूक जाळी उरते. प्रत्येक बर्बनची निराळी. तिने काढलेले त्या जाळ्यांचे फोटो डिस्टिलरीत भिंतीवर लागले, तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे कॉफीला गेले नाही. जळले, सरळ सांगते.

पण जळण्यात ओपलचा हात कोण धरणार? तिचा नवरा क्लेटन पिंपं बनवायचा, बोलायचा कमी. चर्चमध्ये त्याने कुणा बाईसाठी दार धरलं तरी हिचा तिळपापड व्हायचा. जाईल तिथे लोक त्याची खिशातली चपटी बाटली भरून द्यायचे. तो घरी आला की ओपल त्या बाटलीतला थेंब काचेवर घ्यायची. कुणाच्या घरी कुठली बर्बन असते ते तिला पाठ होतं, त्यामुळे स्वारी कुठे बसली होती ते लगेच कळायचं.

मार्चमध्ये एकदा जाळीच पडली नाही. पुन्हा वाळवला, तरी नुसता गुळगुळीत डाग.

"स्कॉच आहे ही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपातल्या व्हिस्कीलाच जाळी पडते, स्कॉच मुरते वापरलेल्या पिंपात. आणि गावात स्कॉच एकाच घरी, पलीकडच्या गल्लीतल्या विधवा लुरीनकडे.

पुढच्या खेपेला क्लेटन बाहेर पडला, तशी ओपल ती बाटली घेऊन मला ओढतच तिथे घेऊन गेली. स्वयंपाकघरात क्लेटन आणि लुरीन सोंगट्या खेळत होती. लुरीनच्या केसांत कुरळे करायचे रोलर, पायात लोकरीचे जाड मोजे. ओपलने बाटली टेबलावर आपटली.

"कधीपासून चाललंय हे?"

"दर गुरुवारी येतो. खेळतो आणि घरी येतो," क्लेटन म्हणाला.

"घरी सोंगट्या नाहीत?"

"आहेत की. पण इथं माझा थेंब कुणी वाळवत नाही गं."

लुरीनने खुर्ची पुढे केली. ओपल बसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आणून ठेवला. म्हणाली, "घे, तुला हवा होता ना." क्लेटन अजून गुरुवारी जातो. ती त्याला कोट देते, खिसा चाचपत नाही.

माझा नवरा मात्र हल्ली आपला ग्लास आपणच विसळून ठेवतो.