फणसाला लावलेला कौल

माझ्या आतोबांइतका देवभीरू मनुष्य सुपे पेट्याच्या साऱ्या गावांत दुसरा नव्हता, आणि देवाला इतक्या निर्धास्तपणे फसविणाराही दुसरा नव्हता. निदान माझ्या तोकड्या अनुभवात तरी तो आला नाही. गुंद गावी त्यांच्या घरामागे एक जुनाट फणस होता. भर वैशाखात त्याच्या सावलीत ते घर माठातल्या पाण्यासारखे गार राही, आणि दुपारी आत बसले की आपण पानांच्या तळाशी कोठेतरी बुडून गेलो आहोत असे वाटे. मात्र त्याची एक जाड फांदी थेट माजघरावर आली होती. पिकला फणस पडला की छपराचे नळे फुटत. आतोबा शिडी लावून नवे नळे बसवीत, खाली उतरून तोच फणस फोडीत आणि पहिला गरा आत्यांच्या हातावर ठेवीत.

आत्या म्हणत, “अवो, ही फांदी आज न्हाई तर उद्या घरात येनार हाय.”

“येऊ दे की. घरचीच हाय ती.”

तरीही आत्यांच्या शब्दाला मान देऊन दर उन्हाळ्याअखेर ते झाडाला कौल लावीत. ग्रामदेवतेला लावतात तसाच: खोडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर तोडायला रुकार, डावी पडली तर नकार. कुऱ्हाडवाला उकिडवा बसून वाट पाही. पडे ती नेहमी डावीच. एका वर्षी आत्यांनी उजवी पाकळी नखाने सोडवून पाहिली, तर ती फणसाच्याच चिकाने चिकटविलेली.

“ह्यो देवाचा कौल व्हय?”

“मग कुनाचा? चीक काय मी केला?”

कुऱ्हाडवाला गरे खाऊन हसत घरी गेला.

फांदीचे भय आतोबांना नव्हते असे मात्र नाही. त्याच मृगात त्यांनी आत्यांचे अंथरूण ओसरीलगतच्या खोलीत हलविले आणि स्वतः माजघरात फांदीखाली निजू लागले. “पानांचा आवाज ऐकल्याबिगर मला झोप न्हाई,” हे त्यांचे कारण. सुटीत मी तेथेच होतो. एका पहाटे ते गोठ्यात गेले असता फांदीचा शेंडा वाऱ्याने मोडला आणि छप्पर फोडून त्यांच्या उशीवर आला. आत्या त्या उशीपाशी बसून राहिल्या. दिवसभर चूल पेटली नाही. दुसऱ्या सकाळी आतोबांनी कुऱ्हाडवाल्याला बोलावले.

“आज पाकळ्या न्हाईत, आबा?” त्याने विचारले.

“न्हाई. कौल घरातनंच मिळाला.”

झाड राहिले, फांदी तेवढी गेली. पावसाने उघडीप दिली तेव्हा माजघरात प्रथमच ऊन आले आणि जमिनीवर पसरून राहिले. आतोबा त्याच्या कडेकडेने चालत, जणू तेथे कोणी निजले होते.

“अवो, ऊनच हाय ते. पाय दिला तर मोडत न्हाई.”

“व्हय,” ते म्हणाले, आणि वळसा घालूनच गेले. आत्यांनी क्षणभर त्या उजेडाकडे पाहिले. मग कमरेवरची घागर सावरून त्याही कडेनेच आत गेल्या.