मालन आणि टँकची पाठ

मालन घाडीला मी बारा वर्षं ओळखते. परळच्या एका गल्लीत शाडूच्या गणपतींचा कारखाना आहे, तिथे ती आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. वय अठ्ठावन्न, चष्मा नाही, हात अजिबात कापत नाही. राहते डिलाईल रोडला, चाळीतल्या दीड खोलीत. नवरा लवकर गेला, मुलाला, स्वप्नीलला, तिनं एकटीनं शिकवलं, तो आता बंगळूरला नोकरी करतो. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. कष्टानं मुलं शिकवलेल्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यावर गहिवरून लिहिणारेही काही कमी नाहीत. मला सांगायचंय ते मालनच्या कासवाचं, आणि आजच सांगायचंय, कारण परवा दवाखान्यात जे झालं त्यानं मी अजून एका जागी धड बसू शकत नाहीये.

सुरुवात गेल्या जुलैतली. मी आमच्या गणपतीचा पाट द्यायला कारखान्यात गेले होते. ज्यांना घरच्याच पाटावर मूर्ती हवी असते ते आधी पाट नेऊन देतात. पावसाळी दमट हवेत माती वाळत नाही, रंग वाळत नाही, म्हणून कारखान्यात दिवसभर हॅलोजन जळत असतात. त्यातल्या एका हॅलोजनखाली, दोन गणपतींच्या मधे, एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात रद्दीचे कागद आणि त्यावर तळहाताएवढं कासव.

"हे काय?"

"टँक," मालन म्हणाली. कुंचला चालूच. "स्वप्नीलनं दोन वर्षांमागं पिल्लू आणून पाळलेला. तिकडे नोकरी लागली नि माझ्याकडे ठेवून गेला. दिवसभर घरात एकटा काय करणार, म्हणून सोबत आणते."

"हे आपलं चांदण्यांचं कासव नाही ना? ते पाळणं गुन्हा आहे. आत टाकतील तुला."

"नाय हो ताई. युरोपातला आहे, हर्मन म्हणतात. नोंदणीचा कागद कपाटात आहे."

मी त्याला उचलून उजेडात धरलं. पाठीवरची एकेक चकती मधोमध फुगून वर आली होती, कळ्या न पाडलेल्या मोदकासारखी. तेवढ्यात कारखान्याचे मालक जगदीश कौतुकानं जवळ आले. "तेरा आहेत, मोजून बघा. पाठीवर तेरा मोदक. आमच्याकडे गणपतीनं स्वतः पाठवलाय. मालनबायच्या चाळीत तर लोक येऊन हळदकुंकू लावून जातात."

खरंच पाठीच्या खाचांत कुंकू भरलेलं होतं.

"शुभ कसलं डोंबल," मी म्हटलं. "पोराच्या पाठीला कुबड निघालं तर हळदकुंकू लावाल का? हे कुबड आहे. दोन वर्षांच्या कासवाची पाठ गुळगुळीत असायला हवी. खातो काय हा?"

"पोळी खातो. उकडलेलं अंडं खातो. सणाला पेढ्याचा तुकडा. अगदी आवडीनं."

"पाणी?"

"पाणी नको म्हणाला दुकानदार. कोरडा ठेवा म्हणाला."

बारा वर्षांत पहिल्यांदा मी मालनला अर्धा डोळा तसाच सोडून कुंचला खाली ठेवताना पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला टँकसकट डॉक्टरांकडे नेलं. डॉ. संघमित्रा तिशीतली मुलगी आहे, कासवं आणि पक्षी बघते, आणि गोड बोलून वेळ काढत नाही. मला ती लगेच आवडली. तिनं टँकच्या पाठीवरून भिंग फिरवलं, एक्स-रे काढला आणि सांगितलं, "जे उंचवटे झालेत ते आता खाली बसणार नाहीत. पण हा अजून लहान आहे, खूप वाढायचाय. पुढची वाढ सपाट आली तर काही बिघडलेलं नाही. अशीच वर येत राहिली तर मोठेपणी चालायला त्रास, श्वासाला त्रास. सहा महिन्यांत कळेल कुठल्या वाटेनं जातोय ते."

स्वप्नील फोनवर व्हिडिओतून हे ऐकत होता. "आई, तुला नाही जमणार हे," तो म्हणाला. वाईट मुलगा नाहीये तो, घाईतला आहे. "ठाण्याला माझा मित्र आहे, त्याच्याकडे तीन कासवं आहेत, सगळी सोय आहे. मी जानेवारीत येतोय. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की बिघडतंय, तर टँकला त्याच्याकडे देऊन टाकू."

मालन बरं म्हणाली. पण टॅक्सीत बसल्यावर खोकं मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "ताई, घरात माझ्याशिवाय हलतो तो हाच. हा गेला तर मी फ्रीजशी बोलू काय?"

आता त्याच पहिल्या भेटीतली एक गोष्ट सांगते, जी मी अजून विसरलेले नाही. डॉक्टर समजावत होत्या की दोन चकत्यांच्या मधल्या फटीत नवी वाढ येते. ती आधी मऊ, ओलसर असते. भोवतीची हवा कोरडी आणि तापलेली असली की ती वरून लगेच सुकून कडक होते, मग वाढीला आडवं पसरता येत नाही, ती चकतीला वर ढकलते. मी त्यावर आदल्या दिवशी तीन इंग्रजी लेख वाचून गेले होते आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात धड काही शिरलं नव्हतं. मालन मधेच म्हणाली, "थांबा. ओल्या मूर्तीवर पहिल्याच दिवशी हॅलोजन मारला तर वरची साय सुकते, आत ओल राहते, आणि मूर्तीचा हात वाकतो नायतर कानाला चीर जाते. म्हणून आधी आम्ही ओलं फडकं घालून ठेवतो, हळूहळू सुकू देतो. तसंच ना हे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच. मग मावशी, मातीला ओलं फडकं घालता आणि याला थेट हॅलोजनखाली?"

"हाताची सवय हो," मालन ओशाळून म्हणाली. "मूर्ती उभी राहिली की नंतर पावसाळाभर ओल म्हणजे आमची वैरीण. जे दिसेल ते सुकवायचं. याला पण गणपतीच्या रांगेत बसवला मी."

त्या दिवसापासून मालनची चाळीतली खोली म्हणजे प्रयोगशाळाच झाली. कुंभाराकडून तिनं लाल मातीची कुंडी आणली, उभी अर्धी कापून घेतली, रात्रभर पाण्यात बुडवली आणि टँकच्या पेटीत पालथी घातली. ती गुहा. मातीनं पाणी पिऊन घेतलं की आत दिवसभर ओलावा राहतो, हे तिला सांगावं लागलं नाही. खाली भिजवून पिळलेला नारळाचा काथ्या. सकाळी परातीत कोमट पाणी, टँकच्या हनुवटीला लागेल एवढंच, आणि त्यात वीस मिनिटं डुंबणं. पाठीचं हाड घट्ट व्हायला अतिनील किरणांची खास ट्यूब लागते, हॅलोजननं ते काम होत नाही. ती मी मालनला न विचारताच आणली. उन्हात तर ठेवायचाच, पण काचेमागे नाही, कारण काचेतून हवे ते किरण येत नाहीत. सकाळी गॅलरीत, निम्मी सावली ठेवून, वर कावळ्यांसाठी जाळी.

खाण्याची जबाबदारी मी घेतली. पोळी, अंडं, पेढा बंद. आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीची पानं, कुंडीतली घोळीची भाजी, गवत. सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी कामाला लावलं. निवृत्त बायका आहेत, कुठलं गवत खाण्याजोगं यावर पंधरा मिनिटं वाद घालतात. मैदानातलं मी घेऊ दिलं नाही, तिथे काय फवारलेलं असेल कोण जाणे. घरच्या कुंड्यांमधलं आणायचं. कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी पावडर लिहून दिली, त्यावर मालन म्हणाली, "समुद्रफेस चालेल?" माकुलातलं पांढरं हलकं हाड. तिनं बाजारातल्या कोळणीकडून ते मागून घेतलं, उकळलं, उन्हात वाळवलं आणि पेटीत टाकलं. टँक त्याला कोपऱ्यातून कुरतडायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, चालेल, पावडरही थोडी द्या.

चाळीतल्यांना मात्र आवरणं कठीण. शेजारच्या गंगुबाई वाटीत दूधभात घेऊन दाराशी आल्या. "एवढा देवाचा जीव, पाला घालतेस? पाप लागेल गे."

"लागू दे," मालन म्हणाली. "असलेच लाड करून त्याच्या पाठीला कुबड आलं, त्याचं पाप कोणाला लावूया?"

ऑगस्टमध्ये सगळं उलटं झालं. कारखान्यात गणपतीची धांदल, दोनशे मूर्तींचे डोळे बाकी, आणि मालननं उत्साहाच्या भरात पेटीतला काथ्या इतका भिजवला की तळाला पाणी साचलं. वर तीन दिवस पावसाची झड, हवा गारठलेली, आणि तिकडे ट्यूब बंद पडलेली. टँकच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. तो मान आत घालून बसला. आम्ही धावलो. डॉक्टरांनी आम्हा दोघींना शाळेतल्यासारखं झापलं. "ओलावा हवा म्हणाले, गारठा नाही. ओलं आणि गार मिळून न्यूमोनिया होतो. पेटीचा एक कोपरा कोरडा, उबदार हवाच. कुठे बसायचं ते त्याला ठरवू दे."

आठवडाभर इंजेक्शनं. मालन त्याला पेटीसकट कारखान्यात आणायची, कुंचला हातात घेऊन बसायची आणि दर अर्ध्या तासानं त्याच्याजवळ जाऊन बघायची. जगदीश वैतागले. "मालनबाय, गणपती आठ दिवसांवर आलाय. देवाला डोळे नाहीत आणि तुम्ही कासवाचं नाक पुसताय."

"देवाला गिऱ्हाईक आहे, जगदीशशेठ. ह्याला मीच आहे."

ती रोज तासभर लवकर येऊन राहिलेले डोळे पुरे करत होती, आणि एकही मूर्ती उशिरा गेली नाही. आमच्या गणपतीचे डोळे मी मुद्दाम निरखले. उणं काढायला जागा नव्हती. टँकही खायला लागला.

आणि आता तिची खरी करामत. सहा महिन्यांत पाठ सपाट येतेय की नाही हे बघायचं कसं? मी फोटो काढत होते, त्यात काही कळत नव्हतं, एकदा सावली डावीकडे, एकदा उजवीकडे. मालननं शाडूचा मऊ गोळा थापून पोळीएवढा केला, आंघोळीनंतर टँकच्या पाठीवर हलकेच अर्धा मिनिट टेकवला आणि उचलला. पाठीचा ठसा. लगेच टँकची पाठ धुतली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ठसा, सावलीत वाळवून, मागे तारीख कोरून. ऑक्टोबरात तिनं तीन ठसे ओळीनं मांडले, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

"फट रुंदावली ताई. आणि रुंदावलेली जागा वर जात नाहीये."

"नक्की?"

"माझ्या अंगठ्याला कळतं. पण डॉक्टरांना कळायला पायजे."

नोव्हेंबर, डिसेंबर मी फोनवर रोज विचारून तिचं डोकं खाल्लं. ती म्हणायची, डॉक्टरच सांगतील. स्वप्नीलचं तिकीट आलं, ठाण्याच्या मित्रानं जागा तयार ठेवली, टँकला न्यायला हवेची भोकं असलेली नवी पेटीही आली.

परवा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मालननं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले ठसे काढून टेबलावर लावले. डॉक्टरांनी आधी टँकला बघितलं, भिंगाखाली, प्रत्येक फट. मग पट्टी लावली. मग ठसे एकेक करून खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात धरले. पाच मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटली. शेवटी मी म्हटलं, "अगं बोल काहीतरी."

"साडेसहा मिलिमीटर नवी वाढ," डॉक्टर म्हणाल्या. "सगळीकडे सपाट. मागच्या दोन चकत्यांपाशी किंचित चढ आहे, तो जुलै-ऑगस्टमधला. त्यानंतर काही नाही. इतकी सरळ वाढ मी चांगल्या चांगल्या सोयी असलेल्या घरांतून पाहिलेली नाही."

मी टेबलावर हात आपटला, एक ठसा फुटता फुटता राहिला. स्वप्नीलनं विचारलं, "आणि जुने उंचवटे?"

"ते राहणार. वाढेल तसे पसरट दिसतील."

त्यानं आईकडे बघितलं. मालन ठसे परत कागदात गुंडाळायला लागली होती. "नोंदणी तुझ्या नावावर करायचा अर्ज करू," तो म्हणाला. "मला तरी एवढं जमलं नसतं, आई."

टँकला उचलून मालननं पदरानं त्याची हनुवटी पुसली, आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं, करी रोडच्या नव्या टॉवरमधलं. मांडीवर काचेची पेटी, आत लिंबाएवढं कासवाचं पिल्लू. मालनचे पाय तिथेच थांबले.

"घरात एसी असतो?" तिनं सरळ विचारलं.

"हो, चोवीस तास. बाविसावर," ती मुलगी म्हणाली.

"त्याला आंघोळ?"

"पाण्याची गरज नसते ना यांना?"

"आई, टॅक्सी खाली उभी आहे," स्वप्नील म्हणाला.

"जाऊ दे टॅक्सी." मालन टँकला माझ्या हातात देऊन फरशीवर बसली, पिल्लू तळहातावर घेतलं आणि अंगठा त्याच्या पाठीवरून सावकाश फिरवला. मग वर बघून हसली. "सपाट आहे अजून. वेळेवर आलात. आता नीट ऐका."