मावशीचा भोचक रकाना

माझी मावशी जनावरांच्या दवाखान्यात औषधं देते. फिट येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामांजराचं तिच्या वहीत एक पान असतं: औषध कोणतं, झटका कधी आला, किती टिकला. शेवटचा रकाना तिने स्वतः वाढवलेला, ‘घरात काय बदललं’. डॉक्टर त्याला भोचक रकाना म्हणतात.

खारे शेंगदाणे विकणाऱ्या एका दुकानदाराचा कुत्रा तिच्याकडे यायचा. फेनोबार्बिटोनच्या गोळीने त्याचे झटके थांबले होते, पण तो दिवसभर पेंगायचा, अधाशासारखा खायचा, आणि पुढे यकृतच बिघडलं. मग डॉक्टरांनी ब्रोमाइड दिलं. ते सावकाश लागू पडतं, पण यकृताला जपतं. सहा महिने सुखाचे गेले. नंतर एकाच आठवड्यात तीन झटके. तपासलं, तर रक्तातलं औषध निम्म्यावर आलेलं.

“डोस चुकवलेत तुम्ही,” डॉक्टर म्हणाले.

“माझं जेवण चुकेल साहेब, याचं औषध नाही.” दुकानदार म्हणाला. “ती गोळी सोसत नाही, ही लागत नाही. हाल बघवत नाहीत. झोपवून टाका एकदाचं.”

मावशीने वही ओढली. “भाऊ, घरात काही बदललं?”

“काय बदलणार ताई? बायको तीच, तिची बोलणीही तीच. हा तेवढा गेले दोन महिने माझ्यासोबत दुकानात असतो. बायको कामाला गेल्यावर घरी एकटा पडला आणि झटका आला तर?”

“आठवडाभर थांबा,” मावशी म्हणाली, आणि दुपारी त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसली. गरम दाण्यांवर मिठाचं पाणी चरचरलं. ते सुकले, निवले, तशी दुकानदाराने मूठ कुत्र्यापुढे धरली.

“पहिली मूठ भागीदाराची!”

“अहो, याला मीठ वाढवायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?”

“जेवणात चिमूटभरही वाढवलं नाही, ताई. हे जेवण कुठे? हा तर माल!”

मावशीने कपाळाला हात लावला. “मीठ वाढलं की हे औषध लघवीवाटे निघून जातं. सकाळी तुम्ही भरता आणि दिवसभर तुम्हीच उपसता.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे मीच...”

“लाडाने केलंत. आता डॉक्टर सांगतील तसे हळूहळू लाड अळणी करत न्या.”

तीन महिन्यांनी रक्तातलं औषध पुन्हा भरलं होतं. त्या काळात झटका एकच आला, चाळीस सेकंदांचा. दुकानदाराने तो घड्याळ लावून मोजला होता, आणि झोपवण्याचं नाव कुणीच काढलं नाही.