तिने न म्हटलेलं वाक्य

स्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत केअरवोखे नावाचा एक प्रकार होता. म्हणजे जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला रविवारी संध्याकाळी एक पाटी अडकवलेली असायची, आणि पुढचा आठवडाभर तळमजल्यावरच्या आजी त्या माणसावर डोळा ठेवून असायच्या. मी चार वर्षं तिथे राहून अजून कसाबसा जिना झाडत होते. समोरच्या घरात राहायला आलेल्या नव्या भाडेकरूंच्या दाराला पाटी लागली, तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, आता बघू या गंमत. सकाळी दार उघडलं तर साठीचे एक गृहस्थ कानटोपी घालून कठड्याच्या सळ्या ओल्या फडक्याने पुसत होते. आजी खाली हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि चक्क हसत होत्या. माझ्याकडे पाहून त्या कधीच हसल्या नव्हत्या.

हे गृहस्थ आसामचे. आयुष्यभर त्यांनी नाटकं बसवली, पुस्तकं लिहिली आणि एक चित्रपट केला. दुसऱ्या चित्रपटाची पटकथा लिहायला एका जर्मन संस्थेने त्यांना सहा महिन्यांची शिष्यवृत्ती आणि ते समोरचं घर दिलं होतं. त्यांना जर्मन ओ की ठो येत नव्हतं. मी पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. तो गाड्यांच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मन शिकले होते. त्यामुळे नगरपालिकेत नाव नोंदवण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे मी त्यांची दुभाषी झाले. आम्ही हिंदीत बोलायचो, अडलं की इंग्रजीत. मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला भॉन्टी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. माझी मुलगी त्यांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि ते न कळता गंभीरपणे मान डोलवायचे.

जिना इतका मन लावून का झाडलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आपली सगळी कारकीर्द सांगितली. आसामात फिरत्या नाट्यमंडळी असतात. तंबू, खुर्च्या, दिवे, सगळं ट्रकमध्ये घालून गावोगाव जायचं. तंबूत एकाला लागून एक असे दोन रंगमंच उभारतात. एकावर प्रवेश चालू असताना दुसऱ्यावर पुढचा मांडून तयार. सतराव्या वर्षी दादा अशा एका मंडळीत शिरले ते रंगमंच झाडायला. मग छोटी कामं, मग लेखन, मग दिग्दर्शन. चाळिशीत मित्रांना गोळा करून त्यांनी तो चित्रपट केला. तो मोजक्या ठिकाणी दाखवला गेला, जाणकारांनी नावाजला आणि मग कपाटात गेला. त्यानंतर वीस वर्षं दुसरा करण्यासाठी ते दारोदार फिरत होते. पुस्तकं त्यामुळेच झाली, असं ते म्हणायचे. जे जे चित्रपट होऊ शकले नाहीत त्यांच्या त्यांनी कादंबऱ्या केल्या.

"हाही नाही झाला तर याचीही कादंबरी होईल," ते म्हणाले. "पण मला आता कादंबरी नकोय, भॉन्टी. त्या बाईचं वय सत्तर आहे."

ती बाई म्हणजे त्यांच्या पहिल्या चित्रपटातली आई. फिरत्या मंडळीतली नटी, आवाजासाठी प्रसिद्ध. दोन हजार माणसांच्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत तिचं कुजबुजणंसुद्धा पोचायचं, असं दादा सांगायचे. दुसरा चित्रपट त्यांनी तिच्यासाठीच लिहायला घेतला होता. सगळ्या गोष्टीत एकटी तीच होती. तिने त्या वर्षी मंडळीबरोबर फिरणं सोडलं होतं आणि नदीपलीकडच्या घरी ती या कामाची वाट पाहत बसली होती.

जानेवारीत दादांच्या संस्थेने एका लहानशा चित्रपटगृहात त्यांचा जुना चित्रपट दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळी अकरा वाजता. चित्रपटांना निधी देणाऱ्या एका मंडळाच्या बाई मुद्दाम येणार होत्या. त्यांना आवडला तर दुसऱ्याचा मार्ग मोकळा होणार होता. अडचण एकच होती. उपशीर्षकांची प्रत तिकडे दमट हवेत खराब झाली होती आणि जी टेप येणार होती ती शुद्ध आसामी. मग असं ठरलं, की मी मागे मायक्रोफोन घेऊन बसायचं आणि संवाद जर्मनमध्ये वाचत जायचं.

मला कोण आनंद झाला. कारण कॉलेजात असल्यापासून मी पुण्याच्या हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होते. रंगमंचावर जायची छाती नव्हती, पण विंगेत वही घेऊन बसावं तर मीच. नट अडखळला की मनात तीन आकडे मोजायचे आणि शब्द द्यायचा. आधी दिला तर नट चिडतो, उशिरा दिला तर प्रेक्षक खोकायला लागतात. यात मी पटाईत होते. आमच्या एका नायकाने तर पारितोषिक घेताना माझ्याकडे पाहून हात जोडले होते. हे मी दादांना दोनदा ऐकवलं.

संवादांची वही जुन्या पटकथेवरून उतरवलेली होती. तीन आठवडे आमच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ती जर्मनमध्ये आणली. शेवटच्या प्रवेशापाशी दादांनी माझा हात थांबवला. घर सोडून गेलेला मुलगा सात वर्षांनी परत येतो, आई त्याला जेवायला वाढते आणि समोर बसते. पटकथेत तिथे तिला एक वाक्य होतं: "मी रोज दोघांचा भात लावत होते."

"हे खोड," दादा म्हणाले. "ती हे म्हणत नाही. चित्रीकरणाच्या दिवशी तिने सांगितलं, मी इथे बोलणार नाही. ज्या बाईच्या आवाजाच्या जिवावर आम्ही तंबू भरले ती म्हणते बोलणार नाही. मी भांडलो. वाक्य मला फार आवडायचं. शेवटी म्हटलं, बस गप्प. कॅमेरा चालू ठेवला. ती दोन मिनिटं नुसती बसलीय."

मी पेन्सिलने वाक्य खोडलं. शेजारी कंसात 'गप्प' असंही लिहिलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

टेप प्रयोगाच्या दोन दिवस आधी आली आणि चित्रपटगृहाने सरावाला एकच तास दिला. त्यात पहिला अर्धा भाग झाला. शेवट सोपा आहे, संवाद कमीच आहेत, असं दोघांनीही म्हटलं.

रविवारी चाळीसेक माणसं आली. निधीवाल्या बाई तिसऱ्या रांगेत, दादा त्यांच्या मागच्या रांगेत. मी झकास वाचत होते. भाषा येत नसूनही सूर कळत होते आणि मी आपली नटांच्या पावलावर पाऊल टाकून चालले होते. मग शेवटचा प्रवेश आला. मुलगा जेवतोय. आई समोर. तिचा चेहरा पडदाभर. तो मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते. तिचे ओठ किंचित विलग झाले आणि तसेच राहिले.

माझ्या दृष्टीने तो वाक्य विसरलेल्या नटीचा चेहरा होता. असे चेहरे मी विंगेतून शंभर वेळा पाहिले होते. एक, दोन, तीन. खोडलेलं वाक्य पेन्सिलीखाली स्पष्ट दिसत होतं आणि मी ते म्हटलं. नुसतं वाचलं नाही. हळू आवाजात, तिचं व्हावं तसं म्हटलं. सभागृहात कुणीतरी सुस्कारा सोडला. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पडद्यावर आई अजून तशीच बसली होती, आणि मग बराच वेळ बसूनच राहिली. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. पुढच्या रांगांमधून दादांचं डोकं मागे वळलेलं दिसलं.

नंतर बाहेरच्या खोलीत कॉफी होती. निधीवाल्या बाई थेट आमच्याकडे आल्या. त्या काय म्हणाल्या ते दादांना मलाच सांगायचं होतं. चित्रपट फार सुंदर आहे, त्या म्हणाल्या. पण त्या आईचं ते एक वाक्य, तिथे त्यांना सगळं मिळालं. नवी पटकथा त्या आईसारख्याच बाईवर आहे ना? गेनाऊ, अगदी बरोबर, मग तिला असंच बोलू द्या. प्रस्ताव लवकर पाठवा.

मी हे हिंदीत सांगितलं. 'ते एक वाक्य' म्हणताना माझी जीभ जड झाली, पण सांगितलं. दादांनी बाईंना हात जोडून धन्यवाद दिले आणि कॉफी संपवली.

परतताना एस-बानमध्ये ते खिडकीतून बाहेर पाहत होते. दोन स्थानकं गेल्यावर म्हणाले, "तू म्हटलंस ना ते?"

"हो. दादा, मला वाटलं ती विसरली."

ते हसायला लागले. "वीस वर्षांत कुणाला असं वाटलं नव्हतं. तिला सांगितलं तर तिला आवडेल. तू घाबरलीस, तिला सांभाळून घ्यायला गेलीस."

त्यांनी मला रागवायला हवं होतं असं मला फार वाटलं. नवऱ्याने रात्री जेवताना सगळं ऐकून, झालं ते बरंच झालं की, वाक्याने काम केलं, असं म्हटलं, तेव्हा मी त्याच्यावर विनाकारण खेकसले.

खरं भांडण प्रस्तावाच्या वेळी झालं. दादा पत्र सांगत होते आणि मी लिहून घेत होते, पुढे जर्मन करायला. चौथा परिच्छेद त्यांनी असा सांगितला: आपल्याला जे वाक्य आवडलं ते माझ्या चित्रपटात नाही. तिथे आई काही बोलत नाही. माझ्या नव्या चित्रपटातही ती फारसं बोलणार नाही, तेव्हा आपण हे जाणून निर्णय घ्यावा.

मी पेन खाली ठेवलं. "हे कशाला? वाक्य तुम्हीच लिहिलेलं आहे. खोटं थोडंच आहे?"

"लिहिलं मी. काढलं तिने."

"दादा, वीस वर्षं थांबलात. एका वाक्यासाठी हातचं घालवू नका. हा नुसता हट्ट आहे. तिला काम मिळायला हवंय की तुम्हाला खरं बोलायला मिळायला हवंय?"

आवाज चढला होता माझा. मुलगी आतून येऊन बघून गेली. दादा शांतपणे म्हणाले, "आज वाक्य माझं आहे म्हटलं, तर उद्या त्या बाई म्हणतील, अजून दहा वाक्यं द्या. मग ती म्हणायला तिलाच उभं राहावं लागेल ना? मला नाही."

मी रात्री जर्मन पत्र तयार केलं आणि तो परिच्छेद सरळ गाळला. त्यांना जर्मन येत नव्हतं. उद्या कधी कळलंच, तर तोवर चित्रपट उभा राहिलेला असेल, असा माझा हिशेब. सही घ्यायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा लावून कागद डोळ्यांपुढे धरला, बोट खाली खाली नेलं आणि म्हणाले, "एक परिच्छेद कमी आहे."

माझे कान तापले. नाटकवाल्या माणसाला पानं न वाचता मोजायची सवय असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी परत गेले, परिच्छेद घातला, नवीन प्रत आणली. त्यांनी सही केली आणि माझ्यापुढे सफरचंदाच्या फोडी ठेवल्या.

मार्चअखेर ते परत गेले. जाताना तळमजल्यावरच्या आजींनी त्यांना स्वतः केलेला मुरंबा दिला. उत्तर माझ्या पत्त्यावर येणार होतं. मी रोज टपालपेटी उघडायचे. एप्रिल संपता संपता पाकीट आलं. बाईंनी सविस्तर आणि सभ्य लिहिलं होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते, पटकथेचं कौतुक केलं होतं. मात्र प्रस्तावित स्वरूपात चित्रपट आमच्या प्रेक्षकांपर्यंत पोचेल असं मंडळाला वाटत नाही, असं शेवटी होतं.

मी फोन लावून त्यांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत वाचून दाखवलं. या वेळी काही गाळलं नाही.

"बरं," दादा म्हणाले. "उद्या नदीपलीकडे जाऊन येतो. तिला सांगायला हवं. मंडळीवाले तिला परत बोलावत होते, तिने नाही म्हटलंय."

मला रडू आलं. "माझ्यामुळे झालं म्हणून सांगा. मी ते म्हटलं नसतं तर त्या बाईंनी तिचं गप्प बसणंच पाहिलं असतं."

"कदाचित," ते म्हणाले. ते उगाच समजूत घालणारे नव्हते. मग म्हणाले, "नको. तिला एवढंच सांगतो, की मदत मिळाली नाही. तुझी गोष्ट काढत नाही. ती म्हातारी आहे, मनात धरून बसेल."

पत्रातला परिच्छेद मला गाळू न देणारा माणूस माझ्यासाठी तिच्यापासून गोष्ट लपवणार होता. नको दादा, खरं सांगा, असं मी म्हणायला हवं होतं.

मी बरं म्हणाले.